एकटीपुरता भात

मी बिघडवलेला पहिला भात आचेमुळे बिघडला नाही, त्रैराशिकामुळे बिघडला.

घरी चौघांना दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी लागतं, हे मला तोंडपाठ होतं. कॉलेजसाठी घर सोडलं, खोलीवर विजेची एक शेगडी आणि एक पातेलं आलं, आणि पहिल्याच संध्याकाळी मी सरळ हिशेब मांडला. मला एकटीला अर्धी वाटी तांदूळ, म्हणजे एक वाटी पाणी. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर पाणी केव्हाच आटलेलं, बुडाला तांबूस पापुद्रा धरलेला आणि वरची शितं दाताखाली कचकचणारी. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी आच कमी केली. तिसऱ्या दिवशी तांदूळ आधी भिजवून ठेवले. थोडा फरक पडला, पण शितातली कणी काही जाईना. चौथ्या दिवशी आईला फोन लावला.

"भातात कणी का राहते गं?"

"पाणी कमी पडतंय. वाढव."

"किती वाढवू?"

"तांदळाच्या वर बोटाचं एक पेर येईल इतकं घाल."

"पण ते तांदूळ किती आहेत त्यावर ठरेल ना?"

"नाही गं. तांदूळ कितीही घे. वर एक पेर."

मला ते पटलं नाही. तांदूळ दुप्पट केले तर पाणीही दुप्पट लागणार, हे इतकं उघड होतं की आई अंदाजपंचे सांगते आहे असंच वाटलं. तरी करून पाहिलं. त्या रात्रीचा भात मोकळा झाला, शीत बोटांत दाबलं तर कुठेही कणी नाही. आई बरोबर होती, आणि ती का बरोबर आहे हे कळल्याशिवाय मला झोप येईना.

कारण शोधायला दोनेक दिवस गेले. तांदळाला पुरतं शिजायला साधारण त्याच्याच मापाएवढं पाणी लागतं. एक वाटी तांदूळ, एक वाटी पाणी. त्यावर आपण जे पाणी घालतो ते तांदूळ पीतच नाही, ते वाफ होऊन जातं. आणि वाफ किती जाणार हे तांदळावर ठरत नाही. पातेल्याचं तोंड किती रुंद आहे, झाकण किती घट्ट बसतं, पातेलं शेगडीवर किती वेळ राहतं, यावर ते ठरतं. चौघांचा भात असो की एकीचा, तेच पातेलं, तेच झाकण आणि तीच वीस मिनिटं असतील तर वाफेचा वाटा जवळपास तेवढाच. मी तांदूळ कमी केले, तांदळाचं पाणी कमी केलं, इथवर ठीक होतं. पण वाफेचं पाणीही त्याच प्रमाणात कमी केलं, आणि वाफेने आपला वाटा पहिला उचलला. उपाशी राहिले ते तांदूळ.

आईच्या पेराचंही गणित मग उलगडलं. तांदूळ वाढवले की दाण्यांच्या फटींत मावणारं पाणी आपोआप वाढतं, वरचा पेराएवढा थर मात्र तेवढाच राहतो. म्हणजे त्या मापात एक भाग तांदळाबरोबर वाढणारा आहे आणि एक भाग न वाढणारा. माझ्या त्रैराशिकात नेमका हा दुसरा भाग नव्हता. त्या रविवारी मी तांदळाशिवाय नुसतं पाणी झाकण ठेवून वीस मिनिटं उकळलं आणि आधी-नंतर मोजलं. पाऊण वाटी कमी भरलं. माझ्या पातेल्याची वाफ पाऊण वाटी. तेव्हापासून अर्ध्या वाटी तांदळाला मी सव्वा वाटी पाणी घालते आणि त्यात आजवर फसलेले नाही.

हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण त्या पाऊण वाटीने माझ्या कॉलेजच्या दिवसांकडे बघण्याची रीतच बदलली.

पहिल्या सहामाहीत मी वेळापत्रक केलं होतं. सकाळचे तास, दुपारचं ग्रंथालय, संध्याकाळी टिपणं, जेवण, रात्री वाचन. एकही रकाना मोकळा नव्हता. छंदासाठी काही ठेवलं नव्हतं, कारण छंद म्हणजे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट, असं माझ्या मनात पक्कं होतं. वेळ कधी उरलाच नाही. गंमत अशी की कामही पुरं होत नव्हतं. मी ग्रंथालयात चार तास बसायची आणि त्यातला एक तास खिडकीबाहेर बघण्यात, एक फोनमध्ये जायचा. ते तास मला विश्रांती म्हणून मिळाले नाहीत आणि अभ्यास म्हणूनही लागले नाहीत. दिवसातून काही वाफ जाणारच असते. मी ती हिशेबात धरली नव्हती, म्हणून ती अभ्यासातून जात होती. अभ्यास कमी असलेल्या दिवशी ती कमी होत नव्हती आणि परीक्षेच्या आठवड्यातही नाही.

मग मी त्या वाफेला दिवसात जागा ठेवायचं ठरवलं. जागाही आयती होती. भात होईपर्यंतची वीस मिनिटं.

आधी त्या वीस मिनिटांत फोन हातात असायचा. दोनदा भात लागला, एकदा दूध उतू गेलं. मग एका संध्याकाळी फोन चार्जिंगला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि समोर जे होतं ते वहीच्या मागच्या पानावर काढायला घेतलं. समोर होता कांदा.

चित्रकलेशी माझा शाळेत आला तेवढाच संबंध. पण कांद्याकडे एवढा वेळ मी कधी पाहिलंच नव्हतं. वरच्या सुक्या सालीवर बारीक शिरा असतात. मुळाच्या झुपक्यापासून निघतात, पोटाशी एकमेकींपासून लांब जातात आणि मानेशी पुन्हा एकत्र येतात, पृथ्वीच्या गोलावरच्या रेखावृत्तांसारख्या. साल जिथे फाटलेली असते तिथे खालची साल ओलसर, चकचकीत आणि रंगाने वेगळी दिसते. उजेडाचा ठिपका एकच असतो आणि तो मधोमध नसतो. पहिलं चित्र बटाट्याचं वाटावं इतकं गोल झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी एक युक्ती वापरायला लागले. कागदाकडे बघायचंच नाही. नजर कांद्याच्या कडेवरून मुंगीसारखी सावकाश चालवायची आणि हात तिच्या मागून न्यायचा, पेन्सिल उचलायची नाही. चित्रं वाकडी होतात, पण त्यातला फाटका पापुद्रा अगदी समोरच्या कांद्याचा असतो, दुसऱ्या कुठल्या कांद्याचा नाही.

मी भाषाशास्त्र शिकते, त्यामुळे हातातल्या वस्तूच्या नावापाशी अडकायची सवय आहे. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. ग्रॅफाइट पूर्वी लोकांना शिशाचाच एक प्रकार वाटे. १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते कार्बनचं रूप आहे हे दाखवलं, आणि दहा वर्षांनी व्हेर्नर या खनिजशास्त्रज्ञाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिलं. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं चांगलं ग्रॅफाइट मिळेनासं झालं, तेव्हा १७९५ मध्ये निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून, तिच्या कांड्या भाजून पेन्सिली बनवल्या. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, कमी तर मऊ आणि काळी. माझ्याकडे एचबी आणि टूबी अशा दोनच आहेत. कांद्याच्या मानेखालची सावली टूबीने काढते. मातीच्या चिमटीने फिक्या-गडदपणात एवढा फरक पडतो, हे कळल्यापासून पेन्सिल हातात धरतानाही बरं वाटतं.

चित्र झालं की तोच कांदा चिरायचा. या क्रमाचं मला फार अप्रूप आहे. काढताना तो अखंड असतो, पाच मिनिटांनी डोळ्यांतून पाणी काढतो. सुरी फिरली की कांद्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि त्यातून गंधकाचा एक वायू तयार होतो. तो डोळ्यांपर्यंत पोचतो आणि डोळे त्याला धुऊन काढायला पाणी सोडतात. हा वायू बनवण्याचं काम एक स्वतंत्र विकर (एन्झाइम) करतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. इतकी रोजची गोष्ट इतक्या अलीकडे नीट कळली, याचं मला नवल वाटतं. बोथट सुरी पेशी चेंगरते, धारदार सुरी कापते. म्हणून सुरीला धार काढल्यापासून माझं रडणं निम्म्यावर आलं. कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला तर आणखी कमी.

कांदा परतण्याबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. पाककृतीत सर्रास लिहिलेलं असतं, 'कांदा तपकिरी होईपर्यंत दहा मिनिटं परता.' दहा मिनिटांत कांदा मऊ आणि पारदर्शक होतो, तपकिरी होत नाही. कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं, आणि जोवर ते पाणी पातेल्यात आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं सरकत नाही. खरी तांबूस झाक धरायला त्याच्या बरंच वर जावं लागतं, साधारण १४० अंशांच्या आसपास. म्हणजे आधी सगळं पाणी जाऊ द्यायचं, मग रंग. मंद आचेवर मला चाळीस मिनिटं लागतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. घाईने आच वाढवायची आणि कडा करपून मधला भाग कच्चाच राहायचा. नवशिक्याला खरी वेळ सांगायला हवी. तो मग घाबरत नाही आणि आच वाढवत नाही.

त्या तांबूस रंगाचं रसायन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. १९१२ मध्ये त्याने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून पाहिली आणि मिश्रण तपकिरी झालं. तो स्वयंपाकाचा विचार करत नव्हता. त्याचं लक्ष शरीरात प्रथिनं कशी बनतात याकडे होतं. पावाची कड, भाजलेली कॉफी, परतलेला कांदा, या सगळ्यांच्या वासात ही क्रिया आहे. त्यातल्या पायऱ्यांचा नीट आराखडा जॉन हॉज याने मांडला, तो १९५३ मध्ये. चाळीस मिनिटं कांद्यासमोर उभं राहिलं की वास कधी बदलतो ते नाकाला कळायला लागतं. आधी तिखट, मग ओलसर गोड, मग अचानक भाजल्यासारखा. तो तिसरा वास आला की मिनिटभरही नजर हटवायची नाही.

उभ्या उभ्या मला शब्दही दिसत राहतात. भात शिजतो, बटाटा उकडतो, पाणी उकळतं, दूध तापतं, शेंगदाणा भाजतो, कांदा परततात. मराठीत प्रत्येकाची क्रिया वेगळी, कारण प्रत्येकाला उष्णता वेगळ्या वाटेने पोचते. पाण्यातून, वाफेतून, तेलातून की कोरड्या तव्यावरून. वर्गात मी क्रियापदांचे तक्ते भरते, पण ही क्रियापदं मला शेगडीने शिकवली.

अभ्यासही मी याच वेळात थोडा सरकवते, पण पुस्तक उघडून नाही. कांदा चिरताना सकाळच्या तासाला काय काय झालं ते स्वतःला मोठ्याने सांगायचं. अडले तर अडले, वही बघायची नाही. ही सवय मला एका प्रयोगाबद्दल वाचून लागली. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. मी कित्येक महिने रंगीत रेघा मारत पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मला सगळं येतंय असं वाटायचं. ते येणं पाच मिनिटांचं होतं.

अभ्यासाच्या मेजावरही स्वयंपाकघरातलीच एक वस्तू आहे, टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी असंच स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला. पंचवीस मिनिटं काम, मग थोडी सुट्टी. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून त्या पद्धतीचं नावही तेच. मला त्यातली पंचवीस मिनिटं जितकी आवडतात तितकीच मधली पाच. ती आधीपासून धरलेली असतात, मागून चोरावी लागत नाहीत.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगते, कारण खोलीवर स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही तिचा उपयोग होईल. मी राजमा रात्रभर भिजवला, सकाळी पातेल्यात घालून शेगडी सगळ्यात कमी आचेवर ठेवली आणि तासाला गेले. परत आले तोवर दाणे मऊ झाले होते, म्हणून निर्धास्त खाल्ले. दोन-अडीच तासांत उलट्या सुरू झाल्या आणि रात्र त्यात गेली. पाण्याला एकदाही उकळी आली नव्हती, हे मला नंतर आठवलं. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, आणि नीट न शिजलेले चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. मंद आचेवर दाणा मऊ होतो, पण ते प्रथिन मोडत नाही. ८० अंशांच्या आसपास नुसतं तापत ठेवलं तर त्रास उलट वाढू शकतो. किमान पाच तास भिजवायचं, ते पाणी फेकून द्यायचं, आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळी आल्यावर अर्धा तास उकळायचं. मऊपणावर विश्वास ठेवायचा नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, राजम्याची होत नाही.

उरलेल्या भाताचंही तसंच. शिजवल्यानंतरही भातात काही जिवाणूंची बीजं जिवंत राहू शकतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि सकाळी कितीही कडकडीत गरम केलं तरी ते विष जात नाही. म्हणून उरला तर पसरट ताटलीत काढून लवकर निववायचा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवायचा. खरं तर मी उरूच देत नाही. एकटीपुरता भात नेमका करता येणं, ही मला या तीन वर्षांतली मोठी कमाई वाटते.

अंड्यांचं मी अजून शिकतेच आहे. पांढरा भाग साधारण ६२ अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि पिवळा त्याच्या थोडा वर, त्यामुळे एकाला पुरेसं ते दुसऱ्याला जास्त होतं. अगदी ताज्या अंड्याची साल निघत नाही, चार-आठ दिवसांच्या अंड्याची सहज निघते. जास्त वेळ उकडलं तर पिवळ्याभोवती हिरवट करडी कड येते. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन ती बनते, खायला अपायकारक नसते. ती कड मी एकदा पेन्सिलीने काढायचा प्रयत्न केला. जमली नाही.

परवा परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीतली मैत्रीण साडेनऊला आली. दप्तर खाली टाकलं आणि तशीच पलंगावर बसली. दिवसभर काही खाल्लं नव्हतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"माझ्यासाठी पण टाकशील का गं थोडा?"

तांदूळ धुतलेलेच होते. मी आणखी अर्धी वाटी घेतली, धुऊन पातेल्यात घातली.

"मग पाणी दुप्पट ना? अडीच वाट्या?" ती उठून ओट्यापाशी आली. तिने वाटी भरलीच होती.

"नाही. पावणेदोन."

"असं कसं?"

"बघ तू."

तिने पावणेदोन वाट्या मोजून घातल्या आणि साशंक होऊन पातेल्यात बोट बुडवून पाहिलं. मी झाकण ठेवलं. वही शोधली, टूबी सापडली नाही, एचबीच घेतली. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटलेले, एक हात अजून ओट्यावर. झाकणाच्या कडेला पहिला थेंब जमला, घरंगळला आणि शेगडीवर चुर्र झाला. मी तिची बोटं काढायला घेतली. करंगळी झाली, अनामिका झाली, मधल्या बोटापाशी आले तेव्हा पातेल्यातली खदखद थांबून बारीक, कोरडा आवाज येऊ लागला होता. मी बटण बंद केलं आणि झाकण न उघडता तसंच ठेवलं.

"झाला?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"पाच मिनिटं थांब," मी म्हटलं. "हात हलवू नकोस."